माएस्त्रोंचं देणं

स्पेनमधल्या ग्रानादात आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा मला वर्गात शिकलेलं स्पॅनिश येत होतं. विमानतळावर काय बोलायचं, हॉटेलात खोली कशी मागायची, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, हे सगळं मी घोकून गेले होते. ते शिकवणाऱ्यांची मी आभारीच आहे. पण ज्या स्पॅनिशच्या जोरावर मी तिथे घर चालवलं, त्याची डागडुजी केली आणि त्या गावात ताठ मानेनं वावरले, ते मला एका फेर्रेतेरियाच्या मालकांनी दिलं. फेर्रेतेरिया म्हणजे लोखंडी सामानाचं दुकान. मालकांचं माझ्याशी नातं नव्हतं, गाव एक नव्हतं, धर्म एक नव्हता. मराठीत अशा वेळी ऋणानुबंध म्हणतात आणि त्यापुढे कोणी स्पष्टीकरण मागत नाही.

नवऱ्याला ग्रानादा विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं होतं. १५३१ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची गावावर मोठी छाप आहे. घरं विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, त्यामुळे आम्हाला जागा मिळाली ती अल्बाइसीनमध्ये. अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या समोरच्या टेकडीवर, दार्रो नदीच्या पलीकडे वसलेली ही मुसलमानी काळातली जुनी वस्ती. अल्हाम्ब्राला जागतिक वारशाचा दर्जा १९८४ मध्ये मिळाला आणि १९९४ मध्ये अल्बाइसीनचाही त्यात समावेश झाला. वारसा पाहायला येणं वेगळं आणि वारशात भाड्यानं राहणं वेगळं. आमच्या घराला लाकडी तुळया होत्या, जमिनीला भाजक्या मातीच्या फरश्या होत्या, खिडक्यांना एकेरी काच होती. ग्रानादा जवळपास सातशे मीटर उंचीवर आहे आणि मागे सिएर्रा नेवादाचा बर्फ. नोव्हेंबर लागला आणि खिडकीच्या फटींतून वारा आत येऊ लागला.

त्या वाऱ्यानं मला फेर्रेतेरियाच्या दारात नेऊन उभं केलं. दुकान अरुंद आणि खोल होतं. आत येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, “शेवटचं कोण?” कोणीतरी हात वर करायचं आणि आपला नंबर त्याच्यामागे लागायचा. रांग दिसत नसे, पण ती कोणी मोडत नसे. मालकांच्या पाठीमागे छतापर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूला आत जे असेल त्याचा एकेक नमुना ठोकलेला होता. एका खणावर स्क्रू, एकावर कडी, एकावर बिजागरी, एकावर नळाचा वॉशर. ज्याला नाव येत नाही त्यानं बोट दाखवावं, अशी ती सोय. खिळे वजनावर मिळत. मालक सत्तरीच्या अलीकडचे, निळ्या डगल्यातले, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. सगळी आळी त्यांना “माएस्त्रो” म्हणायची. मीही म्हणू लागले. ते मला पहिल्या दिवसापासून “इहा” म्हणाले, म्हणजे लेकी. तिकडची वडीलधारी माणसं तरुण बाईला तशीच हाक मारतात.

मी खिडकीकडे बोट दाखवून माझी अडचण सांगितली. माएस्त्रोंनी मला तयार डबा दिला नाही. त्यांनी काउंटरवर पांढऱ्या भुकटीची चिमूट टाकली, तिच्यावर जवसाच्या तेलाचे थेंब सोडले आणि अंगठ्यानं मळून गोळी केली. “ही मासिया. भुकटी म्हणजे खडू, तेल अळशीचं. आज मऊ आहे, काचेच्या कडेला बसेल. तेल हवेनं घट्ट होईल, मग पाणी आत येणार नाही. घाई करून रंग मारू नकोस.” आपल्याकडचे रंगारी हिला लांबी म्हणतात. मग त्यांनी काचेचा तुकडा समोर धरला. पदार्थ म्हणून तो बिद्रिओ, खिडकीत बसला की लोक त्याला क्रिस्ताल म्हणणार. हे दोन्ही त्यांनी पेन्सिलीनं लिहून दिलं, ते एस्त्रासाच्या कागदावर. एस्त्रासा हा खरखरीत, तपकिरी, सामान गुंडाळायचा कागद. पुढे माझ्याकडे अशा कागदांची चळत झाली.

त्यांची शिकवण्याची एकच रीत होती. पदार्थ हातात दिल्याशिवाय ते त्याचं नाव सांगत नसत आणि त्याचं काम काय, हे सांगितल्याशिवाय तो परत घेत नसत. पितळ म्हणजे लातोन, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. त्यांनी दोन सारख्या दिसणाऱ्या कड्या पुढे ठेवल्या आणि दोरीला बांधलेला लोहचुंबक माझ्या हाती दिला. एक कडी चिकटली, दुसरी नाही. “न चिकटलेली लातोन. तांबं आणि जस्त. चिकटली ती आतून लोखंड, वरून पितळेचा मुलामा. न्हाणीघरात पहिली लाव, दुसरी गंजेल.” लोखंड म्हणजे इएर्रो, पोलाद म्हणजे आसेरो, तांबं कोब्रे, कथील एस्तान्यो. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा लेप दिला की ओखालाता, आपला डब्याचा पत्रा. शिसं म्हणजे प्लोमो. फ्यूज उडाला तर शेजारीण “प्लोमो वितळले” असं म्हणते, कारण जुन्या फ्यूजच्या तारा शिशाच्या असत. हेही मला त्यांच्याच दुकानात उलगडलं.

लाकडं त्यांनी वासानं आणि वजनानं शिकवली. पिनो हातात घेतला की राळेचा वास यायचा. चोपो म्हणजे पॉप्लर, ग्रानादाच्या सखल शेतीपट्ट्यात त्याच्या सरळ रांगाच रांगा दिसतात. हलकं लाकूड, फळांच्या खोक्यांना उत्तम. नोगाल म्हणजे अक्रोड, जड आणि गडद, गावातले तारासेआचे कारागीर त्यात हाडाचे आणि रंगीत लाकडांचे बारीक तुकडे बसवून पेट्या करतात. कोर्चो म्हणजे बूच. ते ज्या ओकच्या सालीचं असतं, ते झाड सोललं तरी मरत नाही, नऊ-दहा वर्षांनी साल पुन्हा काढता येते. गळका नळ बसवायला त्यांनी अंबाडीसारखे धागे दिले, कान्यामोचे म्हणजे हेम्पचे. नळाच्या आट्यांवर ते कोणत्या दिशेनं गुंडाळायचे ते दाखवलं, म्हणजे आटे पिळताना धागा सुटत नाही, उलट आवळतो. आपला प्लंबर सफेदा आणि दोरा लावतो, तेच काम.

मी त्यांचं सर्वांत मोठं देणं लागते ते येसोच्या, म्हणजे जिप्समच्या गिलाव्याच्या, बाबतीत. एका पावसाळी आठवड्यात आमच्या मागच्या खोलीच्या छताचा पापुद्रा खाली आला. मी घरमालकिणीला फोन केला. छत खराब झालंय, एवढंच मला सांगता आलं, आणि त्या “बघू” म्हणाल्या. माएस्त्रोंकडे गेले तेव्हा त्यांनी मला खाली पडलेला तुकडा आणायला लावला. तुकड्याच्या मागच्या बाजूला बोरूच्या काड्यांचे ठसे होते. “हे बघ. वर कान्यिसो आहे, बोरूची विणलेली चटई. ती तुळईला बांधलेली. तिच्या खालून येसो भरलाय. येसोनं काड्यांना धरलेलं असतं. पाणी वरून येतंय, म्हणजे तेखा सरकल्यात.” तेखा म्हणजे कौलं. मग त्यांनी रबराचं वाडगं काढलं आणि अर्धं पाण्यानं भरलं.

“पाणी आधी, येसो नंतर. कधीही उलटं नाही.” मुठीतून ती पांढरी पूड त्यांनी पाण्यावर भुरभुरत सोडली. ती तळाशी जात राहिली. मग हळूहळू पाण्याच्या वर छोटी कोरडी बेटं उरू लागली. तिथे ते थांबले. “आता ढवळायचं नाही, त्याला पाणी पिऊ दे.” बेटं ओली होऊन बुडाल्यावर त्यांनी हात घालून मळलं आणि एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला. आधी तो गार होता, मग घट्ट होत गेला, आणि थोड्या वेळानं माझ्या तळहाताला स्पष्ट ऊब लागली. जिप्समचा दगड भाजताना त्यातलं पाणी उडून जातं. तेच पाणी परत मिळालं की भुकटी पुन्हा दगड होते आणि होताना उष्णता सोडते. “ऊब आली की येसोला हात लावायचा नाही. ऊब येण्याआधी फार ढवळत बसलीस, तर तो घट्टच होत नाही. अशा येसोला आम्ही मेलेला म्हणतो.” चुना मात्र घाई करत नाही. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, पण भिंतीवर गेल्यावर तो हवेतून आपल्याला हवं ते हळूहळू घेत महिनोन्‌महिने कडक होत राहतो. म्हणून तातडीचं काम येसोचं आणि टिकायचं काम चुन्याचं, हा त्यांचा सारांश.

त्या संध्याकाळी मी घरमालकिणीला पुन्हा फोन केला. या वेळी म्हटलं, “कान्यिसो शाबूत आहे, येसो सुटलाय. पण आधी वरच्या तेखा बसवाव्या लागतील, नाहीतर नवा येसोही भिजून पडेल.” पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनी मला विचारलं की तेखा कोणत्या बाजूच्या. त्याच आठवड्यात गवंडी आला. तीच मी, तेच घर, तेच भाडं, पण आता मी तक्रार करणारी परदेशी बाई राहिले नव्हते, माझ्याशी कामाचं बोलता येत होतं. माणसाला एखाद्या गावात उभं राहायला पत लागते, आणि माझी तिथली पत माएस्त्रोंनी दिलेल्या त्या चार नावांवर उभी राहिली.

पुढे अल्हाम्ब्रात गेले तेव्हा माझी नजर बदललेली होती. तिथल्या दालनांत खाली, जिथे माणसाचं अंग घासतं आणि ओल लागते, तिथे आसुलेखोच्या फरश्या. त्यांच्या वर कोरलेला आणि साच्यातून काढलेला येसो, सगळी बारीक नक्षी त्यात. सर्वांत वर छताला लाकूड. जगभरचे लोक त्या नक्षीपुढे स्तब्ध होतात. मीही झाले, पण मला त्या कारागिराचा हातही दिसला, ज्याला तळहाताला ऊब लागण्याआधी आपलं काम उरकायचं होतं.

तिकडच्या गवंड्याच्या भाषेत अरबी किती आहे, हे मी नंतर स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात पाहिलं. गवंडी स्वतः आल्बान्यील, कच्ची वीट आदोबे, डांबर आल्कित्रान, फरशी आसुलेखो, हे सगळे अरबीतून आलेले. ग्रानादाचं अखेरचं मुस्लिम राज्य २ जानेवारी १४९२ रोजी संपलं, बांधकामाची भाषा मात्र कामगारांच्या तोंडी राहिली. पांढऱ्या भिंतीला सफेदी करताना चुन्यात थोडी निळी पूड टाकतात, म्हणजे पांढरं उजळ दिसतं. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरीही गणपतीआधीच्या सफेदीत नीळ घालत. तिकडे त्या निळीला आन्यील म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच ‘नील’वरून फारसी-अरबीमार्गे तिथे पोहोचलेला आहे. बिजागरी मागायला गेले तर ती बिसाग्रा निघाली. ती पोर्तुगिजांबरोबर गोव्याहून, वसईहून मराठीत आली. चावी, बालदी, घमेलं, आणि आमच्या कोकणात सुताराला म्हणतात तो मेस्त्री, हे सगळं त्याच वाटेनं आलेलं. मी माएस्त्रोंना सांगितलं की आमच्या गावी तुम्हाला मेस्त्री म्हटलं असतं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “आणि तुमचा मेस्त्री कोणत्या लाकडात काम करतो?” मी फणस सांगितला, साग सांगितला. त्यांना फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग कसा असतो ते नीट जाणून घ्यायचं होतं.

आमचं खरं जवळचं बोलणं झालं ते एस्पार्तोवरून. एस्पार्तो हे दक्षिण स्पेनच्या कोरड्या माळांवर उगवणारं चिवट गवत. माएस्त्रो मूळचे ग्वादिक्सच्या बाजूचे. त्यांच्या लहानपणी, यादवी युद्धानंतरच्या त्या वर्षांत, बाहेरून काही येत नसे, आणि दोर, टोपल्या, चटया, जोड्यांचे तळवे, सगळं एस्पार्तोचं करत. त्यांची आई आणि भावंडं रात्री बसून प्लेइता विणत. प्लेइता म्हणजे एस्पार्तोची रुंद वेणी, तिचे पदर नेहमी विषम संख्येचे. पुढे कृत्रिम धागे आले, माळावरचं काम संपलं आणि ते गाव सोडून ग्रानादात आले. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांनी एस्पार्तोच्या तीन जुड्या ठेवल्या होत्या, विकायला नव्हे. एक कच्ची, हिरवट पिवळी. दुसरी पाण्याच्या हौदात महिनाभर कुजवून वाळवलेली, तिला ते शिजवलेला एस्पार्तो म्हणत. तिसरी कुजवून मोगरीनं कुटलेली, धागे मोकळे झालेली. तिन्ही त्यांनी माझ्या बोटांतून फिरवल्या. “कच्च्याची टोपली, शिजवलेल्याची चटई, कुटलेल्याचा दोर,” ते म्हणाले. जुने कामगार येसोची छतं टांगायलाही हे धागे येसोत बुडवून वापरत.

मी म्हटलं, “माएस्त्रो, हे माझी आजी करायची.” मग मी त्यांना काथ्याचं सांगितलं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची, कुजली की काढून लाकडी दांडक्यानं कुटायची, धागे वाळवायचे, आणि मग तळहातांत पीळ देत सुंभ वळायचा. आजीच्या तळव्यांना त्या सुंभानं कायमचे घट्टे पडले होते. माएस्त्रोंच्या दुकानात नारळाच्या काथ्याची पायपुसणी विकायला होती. त्यांनी एक उचलून आणलं, उलटं केलं आणि मी धाग्यांत बोट घालून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. त्यांनी स्वतः पीळ देऊन पाहिला आणि म्हणाले, “खारं पाणी लागतं म्हणतेस. आमचं गोडं. पण कुटणं तेच.” आमच्याकडे सुंभ जळला तरी पीळ जळत नाही अशी म्हण आहे, हेही मी सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले की त्यांच्या आईला ही म्हण आवडली असती. त्या दिवशी एस्त्रासाच्या कागदावर लिहिण्याची पाळी माझी होती. मी ‘काथ्या’ आणि ‘सुंभ’ देवनागरीत लिहिलं, खाली त्यांच्या लिपीत लिहिलं. त्यांनी तो कागद एस्पार्तोच्या जुड्यांजवळ खिळ्याला अडकवला.

आम्ही परतलो त्यानंतर काही वर्षांनी ते निवृत्त झाले आणि दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं. आमचं फोनवर बोलणं होत राहिलं. २०२३ मध्ये ग्रानादा प्रांतातल्या आल्बुन्योलजवळच्या मुर्सिएलागोस गुहेतल्या एस्पार्तोच्या वस्तूंचं कालमापन प्रसिद्ध झालं. त्या गुहेतल्या एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या टोपल्यांपैकी काही सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या, आणि एस्पार्तोचे जोडे सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे निघाले. मी लगेच फोन लावला. एवढ्या जुन्या टोपल्यांचे फोटो त्यांनी पाहिलेच होते. ते म्हणाले, “इहा, विणणाऱ्यानं एस्पार्तो चांगला तयार केला होता.” हजारो वर्षांच्या बातमीतून त्यांना आधी काम दिसलं, आणि काम करणाऱ्याबद्दलची दाद त्यांच्या आवाजात होती.

आता मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. नोकरीसाठी, परदेशी शिक्षणासाठी मुलं येतात. पुस्तकातले धडे तर घ्यावेच लागतात. पण माझ्या वर्गात एक पेटी असते. तिच्यात येसो आहे, कळीचा चुना आहे, कथलाची कांडी आहे, पितळेची आणि मुलाम्याची कडी आहे आणि एक लोहचुंबक. बुचाचा तुकडा आहे, काथ्या आहे, सुंभ आहे आणि माएस्त्रोंनी निघताना दिलेली कुटलेल्या एस्पार्तोची जुडी आहे. पदार्थ हातात घ्यायचा, नाव घ्यायचं आणि तो काय करतो ते स्पॅनिशमध्ये सांगायचं, त्याशिवाय तो पुढच्याच्या हातात जात नाही. मुलं येसो पाण्यावर भुरभुरतात, तळहातावर ऊब येण्याची वाट पाहतात, आणि ज्याला ती ऊब लागली तो ‘येसो’ हा शब्द कधी विसरत नाही, हे मी पाहिलं आहे.

माएस्त्रोंनी माझ्याकडून खिळ्यांचे पैसे तोलून घेतले, काचेचे मोजून घेतले. शिकवल्याचे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि मी विषय काढला तर ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. ते देणं मी माझ्या विद्यार्थ्यांच्या नावावर चढवत आले आहे. त्यांनी ते पुढे कोणाला द्यायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. माझी अट एकच, आणि ती मुळात माएस्त्रोंची आहे: शब्द द्यायचा तो त्याच्या कामासकट द्यायचा.